कुटुंब क्रमांक सतरा

प्रश्नावलीत घरं चाळीस,
वडगावातल्या नऊ गल्ल्या धरून.
सतरावं आमचं.
मॅडम म्हणाल्या, स्वतःचं घर टाळलंस तर बरं,
तटस्थता राहत नाही.
मी म्हटलं, सोळा आणि अठराच्या मधलं दार
ओलांडून कसं जाऊ,
चप्पल आपोआप तिथंच निघते.

तर,
कुटुंबप्रमुख : कल्लाप्पा. वय सदुसष्ट.
शिक्षण : चौथी, मराठी.
व्यवसाय :
इथं बाबा थांबले.
भिंतीवरच्या तेलाच्या डागाकडं बघून म्हणाले,
"माग म्हणून घाल."
चालू आहेत?
"नाहीत की. खरं तू माग म्हणूनच घाल."
मी घातलं. पेन्सिलीनं.

एकूण माग, सहा.
तीन यल्लूकाकाच्या वाटणीत गेले,
एक खासबागेत कुणालातरी दिला,
तो तिथंही फार चालला नाही म्हणे.
उरलेले दोन.
त्यांच्याबद्दल विचारलं की आई चहा टाकायला उठते.

आवाज, असा रकाना प्रश्नावलीत नाही.
खरं आमच्या घरात सगळं आवाजानंच केलंय.
आई अजून ताटावर मीठ मागते ते
पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं.
आम्ही भावंडं कुजबुजायला शिकलोच नाही.
गुपित सांगायचं तर नुसते ओठ हलवायचे,
समोरच्यानं वाचायचं.
शेवंताआत्याचं लग्न असंच ठरलं,
दोन मागांच्या मधून, धोटा इकडून तिकडं जाताना,
एक शब्द न उच्चारता.
आणि गल्लीभर झालं,
कारण ओठ गल्लीत सगळ्यांनाच वाचता येत होते.

सावकाराशी कानडी बोलायची,
तुटक्या धाग्याला शिव्या मराठीत.
रविवारी वीज गेली की
अख्खं वडगाव एकदम थांबायचं,
आणि पाळण्यातली पोरं दचकून रडायची.
शांततेनं.

बाबांना डाव्या कानानं आता काही येत नाही.
डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून?
"माग बंद पडले तेव्हापासून."
त्याआधी येत होतं का
हे कुणालाच ठाऊक नाही.

चाळीसपैकी सत्तावीस घरांत माग थांबलेत.
कारणं : अ, सुताचा भाव. ब, सुरतेची साडी.
क, विजेचं बिल. ड, टाळेबंदी.
इ, कामाला माणूस नाही
(माणूस उद्यमबागेत, फाउंड्रीत, पाळीवर.
आमचा भैरूही तिथंच, हेल्मेट घालून झोपतो दुपारी).
फ, इतर, नमूद करा.
टक्केवारी काढली. तक्ता चांगला दिसतोय.

मग कपाटात ती वही सापडली,
कानडी कॅलेंडरचं कव्हर घातलेली.
बाबांचं अक्षर, प्रत्येक ओळ ताण्यासारखी ओढून बसवलेली.
"दोन माग मोडीत. लोखंड आठशेवीस किलो."
रक्कम.
खाली, "पोरीची फी, एम.ए."
रक्कम.
खाली रेघ.
वजा करून उरले एकशेवीस.
त्याच्यापुढं, "कुंदा, पाव किलो."

कुंदा मला आठवतो.
चांगला होता. मी एकटीनंच संपवला होता जवळजवळ.

संध्याकाळी बाबांसमोर फॉर्म घेऊन बसले.
उजवा कान जवळ होता,
तरी आवाज काढला नाही.
ओठांनीच विचारलं : कारण?

त्यांनी वाचलं.
वहीकडं बघितलं, माझ्या मांडीवर होती ती.
मग दारातून बाहेर तोंड करून
मागं सहाही माग धडधडत असावेत तसे ओरडले,
"सुताचा भाव म्हणून घाल!"

सोळा नंबरातून म्हातारी म्हणाली, "खरंय गा."
आत आईच्या हातातलं भांडं पडलं
की तिनं ठेवलं, कळलं नाही.

मी अ वर खूण केली.
पेनानं.